भरावाआधीची दोन पानं

शैला,

तुला जाऊन दहा दिवस झाले होते, तेव्हा आपल्या सोसायटीत एक कन्सल्टंट आला. तिशीतला असेल. चकचकीत बूट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बेसमेंटच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याने नाकाला रुमाल लावला, टॉर्चने भिंती पाहिल्या आणि वर येऊन कमिटीला रंगीत चित्रं दाखवली. चित्रांत निळे बाण होते, सगळे मातीकडून भिंतीकडे येणारे. "प्रॉब्लेम ये है कि पानी बाहर से आ रहा है, और आप लोग इतने साल से इलाज अंदर से कर रहे हैं," असं तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझ्या मानेला थोडी जरी लाज असती तर ती जागच्या जागी गळून पडली असती.

हेच चित्र तू मला कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून दाखवलं होतंस. बॉलपेनने, माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून. बाण तुझेही तसेच होते, फक्त निळे नव्हते.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरीत कुठल्या पदावर निवृत्त झालीस, हे सगळं तुझ्या मुलीने, रूथने, प्रार्थनासभेच्या पत्रकात नीट छापलं आहे. मी ती यादी पुन्हा लिहिणार नाही. मला एक गोष्ट तुला सांगायची होती, ती तू असताना सांगितली नाही, आणि आता कागदावर सांगतेय. तुला हसू येईल. कागदांच्या बाबतीत माझा लौकिक तुला चांगलाच माहीत आहे.

दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तू वर राहायचीस, मी खाली. तू सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून स्कूटरवर साइटला जाणारी. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तू नगरची, मिशन शाळेतल्या मास्तरांची मुलगी. मी पुण्याची, आणि ते विसरू न देणारी. संध्याकाळी जिन्यातूनच तुझा आवाज यायचा, "विजू, चहा टाक गं, घशात सिमेंट गेलंय." पहिल्यांदा घरात आलीस तेव्हा तू माझी मोरी पाहिलीस, तांब्याभर पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "उतार उलटा आहे. पाणी कुठं जाणार ते आधी ठरवायचं असतं, मग फरशी घालायची." पाहुणी आलेली बाई मोरीला नावं ठेवते म्हणून मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तू स्वतः मिस्त्री घेऊन आलीस.

आमच्याकडून दिवाळीत तुझ्याकडे ताट जायचं, तुझ्याकडून नाताळात आमच्याकडे. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. फराळ तोच, तारीख वेगळी. तुझ्या करंज्यांचं सारण माझ्यापेक्षा चांगलं असायचं आणि मी ते कधी कबूल केलं नाही. आज करते. मोठं कबूल करायच्या आधी लहानावर हात साफ करून घेतलेला बरा.

मग सोसायटी आली. चाळीसेक मराठी कुटुंबं, सगळी केंद्र सरकारच्या नोकरीतली, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून जायचं कुठे या धास्तीने एकत्र आलेली. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथिगृहाच्या उपाहारगृहात बसून, मिसळीच्या साक्षीने आपण नियम ठरवले. जमीन मिळाली विमानतळाच्या पलीकडे. द्वारका हे नाव तेव्हा फक्त पाट्यांवर होतं, बसवाले पप्पनकलांच म्हणायचे. मला सेक्रेटरी केलं, आणि कमिटीतली एकमेव इंजिनिअर म्हणून बांधकामावर नजर ठेवायला तुला घेतलं.

सेक्रेटरीपद मला का एवढं गोड लागलं, ते सांगायला हवं. आमच्या सेक्शनमध्ये कारखान्यांच्या परवान्यांच्या फायली असत. पूर्वी माझ्या टेबलासमोरची खुर्ची मिळावी म्हणून माणसं व्हरांड्यात ताटकळायची. मग नवं आर्थिक धोरण आलं, परवाने एकेक करून रद्द झाले, आणि एक दिवस पाहिलं तर मीच चहावाल्याची वाट बघत बसले होते. खुर्ची रिकामी, इन-ट्रे रिकामा. अशा वेळी रविवारी चाळीस घरांनी "सेक्रेटरी मॅडम" म्हणून हाक मारली की अंगावर मूठभर मांस चढायचं. सोसायटीचे सगळे कागद मराठीतच ठेवायचे, हा ठरावही मीच आणला होता. पुढचं जे झालं ते या हौसेपायी झालं. दुसरं काही कारण नव्हतं.

रविवारी आपण बसने साइटवर जायचो, डब्यात पोळीभाजी घेऊन. इमारतींच्या मधोमध एक हॉल व्हायचा होता आणि हॉलखाली बेसमेंट. तिथे नाटकाच्या तालमी होतील, हळदीकुंकू होईल, मुलं टेबल टेनिस खेळतील. त्या रिकाम्या खड्ड्यात उभं राहून लोकांनी स्टेज कुठे येईल यावरून वाद घातले होते. तू मात्र मातीकडे बघायचीस. मुठीत दाबून बघायचीस, वास घ्यायचीस. तुझी आखणी साधी होती. आधी तळाशी दगडी फरश्यांचं अस्तर, त्यावर काँक्रीट, मग भिंती, आणि भिंतींच्या बाहेरूनही फरश्यांचं तसंच अस्तर. मोठ्या डब्यात छोटा डबा बसवावा तसं. ते वाळलं, तपासून झालं, की मगच भोवतीच्या चरात मातीचा भराव घालायचा. तळ झाला. भिंती उभ्या राहिल्या. बाहेरचं अस्तर तेवढं बाकी होतं आणि पावसाने काम थांबलं. हॉलभोवती दहा फूट खोल, माणूस जेमतेम उभा राहील एवढा रुंद चर तसाच उघडा राहिला.

तेव्हाच कमिटीत कुणीतरी म्हणालं, यंदाचा गणपती आपल्या जमिनीवर बसवू. किती वर्षं आर. के. पुरमच्या मैदानात परवानग्या काढायच्या? टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या. पण बाकी सगळा प्लॉट खणून ठेवलेला, सपाट जागा काय ती हॉलच्या पुढे, आणि तिला तुझा चर आडवा. ठेकेदार हात चोळत पुढे आला. "मैडम, भरवा देते हैं. वॉटरप्रूफिंग बाद में अंदर से हो जाएगी. आजकल इम्पोर्टेड केमिकल आ गया है, बिल्कुल टेंशन मत लीजिए." त्या वर्षांत इम्पोर्टेड म्हटलं की आपण सगळेच विरघळायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना तू दोन पानं माझ्या हातात दिलीस. तुझं टपोरं अक्षर, क्रमांक घातलेले मुद्दे. चर भरू नये. बाहेरचे अस्तर झाल्याशिवाय भराव घातल्यास ते काम पुढे फार कठीण होईल. आतून केलेले उपाय टिकणार नाहीत. या भागात जमिनीखालचे पाणी वर येण्याची शक्यता लक्षात घ्यावी. शेवटचा मुद्दा होता, गणेशोत्सव यंदा नेहमीच्या जागीच करावा. खाली सही आणि तारीख.

मी ती पानं बसमध्ये वाचली. आणि ऑफिसात पोहोचल्यावर, इतकी वर्षं हाताला जे वळण होतं त्याप्रमाणे, समासात लिहिलं, "कृपया चर्चा करें." खाली माझी आद्याक्षरं. घरी परतल्यावर पानं तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवली.

दिल्लीच्या कुठल्याही मंत्रालयात काम केलेल्या माणसाला ह्या तीन शब्दांचा उपयोग माहीत असतो. हाताखालच्याने अडचणीचं काही लिहून पाठवलं, ते खोडता येत नाही आणि मान्यही करायचं नाही, की समासात हे लिहायचं. मग तो माणूस येतो, तोंडी बोलणं होतं, त्याची समजूत काढली जाते, आणि कागद पुढे जायचा थांबतो. कुणी कुणाला नाही म्हटलेलं नसतं. मी शेकडो कागद असे थांबवले होते. मैत्रिणीचा हा पहिला.

संध्याकाळी तू ती पानं हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस. "विजू, हे काय? वरच्या मजल्यावरून मला चर्चेला बोलावतेस?"

"अगं बस तर. चहा घे."

"चहा घेते. पण चर भरायचा नाही."

"आतून करू ना गं ते. लोकांचा एवढा उत्साह आहे."

"रेनकोट अंगाच्या बाहेरून घालतात ना, विजू? का गिळतात?"

मी हसले. मग हसू आवरून जे बोलले, ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. म्हटलं, "शैला, हे मीटिंगमध्ये मांडू नकोस. गणपतीचा प्रश्न आहे. तू बोललीस तर लोक वेगळाच अर्थ काढतील."

तू कप खाली ठेवलास. "कसला अर्थ?"

"तुला कळतंय."

"बरं," म्हणालीस. पानं टेबलावरच ठेवलीस आणि वर गेलीस. चहा अर्धा राहिला होता.

कुणीही अर्थ काढला नसता, शैला. तुझ्याशिवाय त्या मंडळींच्या आरतीला सूर सापडत नव्हता. दरवर्षी पहिली ओळ तू उचलायचीस आणि मग बाकीचे मागून यायचे. इतक्या वर्षांत त्या माणसांपैकी एकानेही तुझा धर्म मोजला नव्हता. मोजणारी मी पहिली, आणि तोही माझं काम अडू नये म्हणून. चर भरला हे चुकलं, पण ती चूक आहे. हे बोलणं चूक नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं की ते कुठे लागेल, आणि लागावं म्हणूनच मी ते बोलले.

चर भरला. मांडव पडला. तू आलीस, त्या वर्षीही पहिली ओळ तूच उचललीस. आरती झाल्यावर सगळे प्रसादाला वळले, तेव्हा तू भरावावर उभी राहून बुटाच्या टाचेने माती दाबून बघत होतीस. मी मुद्दाम पातेल्याकडे गेले.

आपण सगळे राहायला आलो तेव्हा द्वारकेत नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, आणि मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं बादल्या घेऊन धावायची. आणि त्याच उन्हाळ्यात बेसमेंटच्या भिंतींवर पांढरे फुलोरे उठले. पावसाळ्यात नाटकाच्या तालमीला बसलेल्या बायका उठल्या तर साड्यांचे काठ ओले. दिवाळीपर्यंत घोट्याएवढं पाणी. वर प्यायला थेंब नाही आणि खाली तळं.

मग ती सर्वसाधारण सभा. हॉलमध्ये, सतरंज्यांवर. दाते, ऑडिटमधून निवृत्त झालेले, आवाज चढवून म्हणाले, "कमिटीत इंजिनिअर बाई होत्या ना? मग हे झालं कसं?"

तू उभी राहिलीस. "मी सांगितलं होतं, भराव घालू नका म्हणून."

"लेखी दिलं होतं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलामागे इतिवृत्त लिहीत होते. मान वर केली नाही. लिहायला काही नव्हतं तरी लिहीत राहिले, तारीख पुन्हा गिरवली. तुझी दोन पानं माझ्या कपाटात होती, साड्यांखाली, सोसायटीच्या जुन्या फायलीत. तू तेवढंच म्हणू शकली असतीस, की विजूकडे आहेत. सगळी सभा माझ्याकडे वळली असती.

तू म्हणालीस, "माझ्याकडे प्रत नाही." आणि बसलीस.

मिठाची गुळणी धरून बसले असते तरी एक वेळ भागलं असतं. पण मी सेक्रेटरी होते. घरी जाऊन इतिवृत्त पक्कं केलं आणि त्यात माझ्या हाताने लिहिलं, "तांत्रिक सदस्यांनी याबाबत लेखी सूचना दिल्याचे आढळत नाही." सरकारी भाषेत आढळत नाही म्हणजे शोधलेलं नाही. पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं, हात वर करून कायम केलं. तू हात वर केला नाहीस आणि हरकतही घेतली नाहीस. ती तुझी शेवटची सभा.

त्यानंतर बेसमेंटला नाव पडलं, "शैलाबाईंचं तळं." मुलं सर्रास म्हणायची. बॉल गेला की ओरडायची, अरे तळ्यात गेला. रूथनेही ऐकलं असेलच. एकदा लिफ्टपाशी कुणीतरी म्हणालं आणि मी हसले. मग बघते तर तू मागे उभी, हातात भाजीची पिशवी. तू म्हणालीस, "विजू, मेथी घेतलीस का? आज छान आलीय."

दर दोन-तीन वर्षांनी नवी योजना. केमिकल, इंजेक्शनं, टाइल्स, मोठे पंप. प्रत्येक ठेकेदार भिंतीवर थाप मारून पाच वर्षांची खात्री द्यायचा. तुला कुणी विचारलं नाही. तू बाल्कनीत उभी राहून माणसं खाली उतरताना बघायचीस. एकदा जिन्यात म्हणालीस, "तो पंप छोटा पडतोय, त्यांना सांग."

"तू सांग ना."

"मी? मी कोण सांगणार गं," म्हणालीस आणि हसलीस. मनापासून हसलीस. टोमणा असता तर मी पेलला असता.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस, दिवसातून चार वेळा, तू येऊन थेंब घातलेस. मी मान मागे टाकून बसायचे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता बोलावं. "शैला, ती तुझी पानं..."

"हलू नकोस, थेंब गालावर जातोय," म्हणालीस.

तू ऐकलं होतंस का, हे मला कधीच विचारता आलं नाही. ऐकलं असशील तर मला सोडवलंस, आणि नसेल ऐकलं तर मी पुन्हा म्हणायला हवं होतं. मी पुन्हा म्हटलं नाही. कारण ऑपरेशननंतरची माणसं जास्त बोलत नाहीत, अशी माझी मी समजूत घातली.

या हिवाळ्यात तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा दोनदा मी ती पानं पर्समध्ये घालून नेली. पहिल्यांदा तू झोपली होतीस आणि मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा तू जागी होतीस. म्हणालीस, केस विंचरून दे. मी विंचरले. केस केवढे विरळ झाले होते तुझे. तू विचारलंस, "सोसायटीत काय चाललंय?"

"नवी कमिटी बेसमेंटचं काम काढतेय."

"बाहेरून?"

"माहीत नाही अजून."

तू डोळे मिटलेस. "खणताना उत्तरेच्या बाजूला जपायला सांग. पाइपलाइन आहे तिथे."

मी "हो" म्हटलं. पर्स मांडीवर होती, चेन उघडीच होती. पाच मिनिटं मी तुझ्या वेणीला रबर लावत बसले. मग नर्स आली. आपलं शेवटचं बोलणं उत्तरेच्या पाइपलाइनचं.

कब्रस्तानात सगळे प्रार्थना म्हणत होते आणि मी खड्ड्याच्या कडा बघत होते, ढासळताहेत का म्हणून. तूच लावलेली सवय. कडा चांगल्या होत्या. मला एकदम तुला सांगावंसं वाटलं, आणि मग कळलं की आता तुला काहीच सांगता येणार नाही. तिथे मी मोठ्याने रडले. लोकांनी मला धरलं. "कितनी गहरी दोस्ती थी," असं मागे कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर आठवड्याने रूथने मला घरी बोलावलं. तुझ्या कपाटात बेसमेंटची जुनी ड्रॉइंग्ज मिळाली होती. "कमिटीला देऊ का मावशी? पण यार, पुन्हा सगळे आईचं नाव घेणार."

मी म्हटलं, "देऊन टाक."

"मी ना, एकदा आईला विचारलं होतं. तू एवढी इंजिनिअर, मग आपलंच बेसमेंट असं कसं? तर म्हणाली, चुकलं माझं. कागद सेक्रेटरीच्या हातात द्यायला हवा होता, मी मैत्रिणीच्या हातात दिला." रूथ ड्रॉइंगची गुंडाळी करत होती. "मतलब मला कळलंच नाही. कोणती मैत्रीण गं, मावशी?"

मी म्हणाले, "रविवारी मीटिंगला ये." तिथल्या तिथे सांगायची हिंमत झाली नाही. मला टेबल लागतं समोर, तुला माहीत आहे.

काल ती सभा झाली. आता सोसायटीत आपल्यातली सहा-सात घरं उरलीत, त्यांतलंही कुणी आलं नव्हतं. दाते गेले, बाकीचे पुण्याला मुलांकडे गेले, फ्लॅट विकले गेले. कमिटीत सगळी गुडगावला नोकरी करणारी मुलं. सेक्रेटरी एक गोड पंजाबी मुलगा आहे, मला आंटी म्हणतो. मी उभी राहिले आणि तुझी दोन पानं वाचली. कमिटीत मराठी कुणाला कळत नव्हतं म्हणून एकेक मुद्दा हिंदीत करून सांगितला. मग समासातले तीन शब्द वाचले, आणि ते कुणी लिहिले तेही सांगितलं. आणि मी तुला काय म्हणून गप्प बसवलं, तेही. ते हिंदीत सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितलं. शेवटी ते इतिवृत्तातलं वाक्य.

मग एका मुलीने हळूच विचारलं, "आंटी, ये शैला जी कौन थीं?"

मी एवढी वर्षं घाबरले ती ज्या माणसांना, त्यांतलं तिथे कुणी नव्हतं. ज्यांच्यापुढे तुझं नाव स्वच्छ व्हायला हवं होतं तेही कुणी नव्हते. मी म्हटलं, "इंजिनिअर थीं. इसी सोसायटी की. बी ब्लॉक, तीसरी मंज़िल." त्या मुलीने मान हलवली.

सेक्रेटरी लॅपटॉपवर लिहीत होता. मी म्हटलं, असं लिही की लेखी सूचना मिळाली होती आणि तेव्हाच्या सेक्रेटरीने ती दडपली. त्याने बोटं थांबवली. "आंटी, इतना हार्श मत लिखवाइए. लिख देते हैं, चिट्ठी इधर-उधर हो गई थी."

किती प्रेमाने म्हणाला. आणि शैला, एक क्षण मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्या सभेत मान खाली घालून तारीख गिरवताना वाटलं होतं तसंच. या वयातही. मग मी म्हटलं, "इधर-उधर नहीं हुई थी, बेटा. मेरी अलमारी में थी. दबाई थी लिखो." त्याने लिहिलं.

आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. आंटी, बडी हिंमत की बात है, असं म्हणून. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. मला त्या टाळ्या थांबवता येईनात.

रूथ शेवटच्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. उठून पुढे आली, टेबलावरची दोन पानं उचलली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, "रूथ, घरी येऊ का? थोडं बोलायचंय."

ती म्हणाली, "आज नको, मावशी." आणि गेली.

हे "आज नको" तू मला एकदा तरी म्हणायला हवं होतंस, शैला. मी इतकी वर्षं तुझी बेल वाजवली, आणि तू दर वेळी दार उघडलंस.